उजेडानें छापलेलें तांबें

सोलापुरी चादर उलटून पाहिली तर तिच्या पाठीवरहि तीच नक्षी दिसते. फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. एका बाजूस जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या बाजूस फुलांचा होतो. ही किमया जेकार्ड मागाच्या छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची. विणकराच्या डोळ्यांपुढें कापडाची एकच बाजू असते. दुसरी बिनचूक उतरेल हा त्याचा सारा भरंवसा त्या छिद्रांवर. एक छिद्र जागा चुकलें कीं दोष दोन्हीकडे उमटतो. अशाच पेंचाचें एक काम आज कोणाहि हौशी माणसास घरच्या मेजावर करतां येतें. तेथें सुताच्या जागीं तांबें असतें आणि मागाच्या जागीं उजेड.

रेडिओ, विजेचें मीटर, पंख्याचा नियंत्रक किंवा धागा तुटतांच यंत्रमाग थांबविणारें उपकरण, यांपैकीं कांहींहि उघडलें तर आंत बहुधा हिरव्या रंगाची एक पातळ पाटी आढळते. तारांचें काम करणाऱ्या तांब्याच्या रेषा त्या पाटीच्या अंगालाच चिकटलेल्या असतात. हीच छापील सर्किटाची पाटी. व्यवहारांत तिला पी. सी. बी. किंवा नुसतें 'बोर्ड' म्हणतात. साध्या रचनेला एका बाजूच्या रेषा पुरतात. पण दोन रेषांना एकमेकींस न शिवतां ओलांडून जावयाचें असेल, तर एकाच पृष्ठावर तें साधत नाहीं. मग रुळांखालून रस्ता काढावा तसें एका रेषेला छिद्रांतून खालच्या बाजूस उतरावें लागतें आणि पलीकडे गेल्यावर पुन्हां वर यावें लागतें. दोन बाजूंच्या बोर्डाची गरज येथें उत्पन्न होते.

काम नवें दिसतें, परंतु त्याचा वंश जुना आहे. फ्रान्समधील नीसेफोर निएप्स यानें १८२६ च्या सुमारास एका छापील चित्राचा कागद तेलानें पारदर्शक केला, डामराचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर तो ठेवला आणि पत्रा उन्हांत मांडला. ऊन लागलें तेथील डामर कठीण झालें. रेषांच्या छायेंत राहिलेलें धुऊन निघालें आणि उघड्या पडलेल्या धातूवर आम्लानें रेषा कोरल्या. पुढें १८३९ सालीं मंगो पाँटन या स्कॉटिश गृहस्थानें पोटॅशियम बायक्रोमेटवर होणारा उन्हाचा परिणाम दाखवून दिला. फॉक्स टॅल्बट यानें तें द्रव्य जिलेटिनमध्यें मिसळून पत्रे कोरण्याच्या कृतीचें पेटंट १८५२ सालीं घेतलें, आणि १८५८ सालच्या सुधारलेल्या कृतींत कोरण्यासाठीं फेरिक क्लोराइड वापरलें. आजचा विद्यार्थी ज्या तपकिरी द्रावांत आपला बोर्ड बुडवितो, तो हाच.

महाराष्ट्रास ही विद्या परिचित झाली ती छापखान्यांच्या द्वारें. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याच्या नांवांतच प्रकाश आणि जस्त यांची जोडी आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं याच धंद्यांत होते. बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें, पुढें त्यांनीं ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना चालविला, आणि रंगीत छपाईच्या सामग्रीसाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' प्रकट झाला तो त्यानंतर, १९१३ सालीं. धातूचा पत्रा, त्यावर उजेडाला भिणारा लेप, वर काळीपांढरी फिल्म, प्रखर दिवा, मग धुणें आणि कोरणें: त्या काळच्या एखाद्या ठसेकारास आजचा घरगुती बोर्ड करावयास दिला असता, तर त्याला त्यांत अपरिचित असें फार थोडें आढळलें असतें.

विजेच्या कामाशीं या विद्येचा विवाह मात्र उशिरां जमला. बर्लिनच्या आल्बर्ट हॅन्सन यानें १९०३ सालींच पाटीवर तांब्याच्या सपाट पट्ट्या बसविण्याची व छिद्रांतून दोन बाजू जोडण्याची कल्पना पेटंटांत मांडली होती. ती कागदावरच राहिली. १९३६ सालीं व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइस्लर यानें छापखान्याची रीत तांब्याच्या पातळ वर्खावर लागू केली आणि अशा पाटीवर रेडिओ जुळविला. पुढें महायुद्धांत विमानविरोधी तोफगोळ्यांच्या नाजुक यंत्रणेसाठीं छापील सर्किटें उपयोगी पडलीं, व १९४८ सालीं अमेरिकेनें ती रीत व्यापारास खुली केली.

आतां असा प्रश्न साहजिक आहे कीं, कारखाने थोडक्या पैशांत उत्तम बोर्ड करून टपालानें पाठवीत असतां घरांत रसायनांचा पसारा मांडावा कशाला? प्रश्न योग्य आहे. एकाच नमुन्याचे पांच-दहा बोर्ड हवे असतील, किंवा रेषा केसासारख्या बारीक असतील, तर काम कारखान्याकडेच द्यावें. तेथें हौसेचा हट्ट चालवूं नये. पण सायंकाळीं सुचलेली रचना त्याच रात्रीं वीज लावून तपासावयाची असेल, किंवा बंद पडलेल्या मागाच्या जुन्या बोर्डाचा जोड कोठेंच मिळत नसेल, तर टपालाची वाट पाहाण्यांत दिवस जातात. शिवाय स्वतःच्या हातानें एक बोर्ड कोरून पाहिलेला विद्यार्थी पुढें संगणकावर आंखणी करतांना रेषेची रुंदी आणि छिद्राची कड यांविषयीं बेफिकीर राहात नाहीं.

सामग्री साधी आहे. दोन्ही अंगांस तांब्याचा वर्ख असलेली कांचतंतूंची पाटी मिळते. तिची जाडी साधारणतः १.६ मिलिमीटर, व तांब्याची ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारें तिसावा भाग. तांब्यावर उजेडाला संवेदनाशील असा निळसर पापुद्रा चिकटवावयाचा. बाजारांत त्याला ड्राय फिल्म म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांस प्लास्टिकचीं पातळ आवरणें असतात. तांबें घासून लख्ख करावें, धुवून वाळवावें, एक आवरण सोलावें आणि हवेचा बुडबुडा राहूं न देतां पापुद्रा बसवावा. नंतर ओळखपत्रें मढविण्याच्या गरम रुळांतून पाटी काढावी. बोटाचा तेलकट ठसा तांब्यावर राहिला तर नेमका तेथेंच पापुद्रा पुढें सुटतो. हें सारें पिवळ्या दिव्याच्या उजेडांत व्हावें, कारण पापुद्र्याला भीति असते ती निळ्याजांभळ्या आणि त्यापलीकडच्या अतिनील किरणांची, पिवळ्याची नाहीं. सोलापूरच्या उन्हाळ्यांत, पारा चाळिसावर गेला असतां, हा पापुद्रा मऊ होऊन गुंडाळीला चिकटतो. त्याला काळ्या पिशवींत घालून, घट्ट झांकणाच्या डब्यांत बंद करून थंड जागीं ठेवावें.

रेषांची आकृति लेसर प्रिंटरनें पारदर्शक फिल्मवर छापतात. या पापुद्र्याचा स्वभाव असा कीं, उजेड लागतो तेथें तो कठीण होऊन टिकतो. म्हणून फिल्मवर रेषा पारदर्शक आणि बाकीची जमीन काळी हवी. कारखान्यांतूनच लेप देऊन आलेल्या कांहीं पाट्यांचा स्वभाव याच्या नेमका उलट असतो. विकत घेतांनाच हें विचारून घ्यावें, नाहींतर सर्व श्रमांनंतर रेषांच्या जागीं दऱ्या आणि दऱ्यांच्या जागीं रेषा हातीं येतात.

उलटसुलटाचा घोटाळा ही नवशिक्याची पहिली ठेंच. छापलेली शाई तांब्याला टेकली पाहिजे, हा नियम दोन्ही फिल्मांना लागू आहे. शाई वरच्या अंगास राहिली तर तिच्यात व तांब्यांत फिल्मच्या जाडीएवढें, म्हणजे सुमारें ०.१ मिलिमीटर अंतर पडतें, आणि तिरपे किरण त्या फटींतून आंत शिरून रेषांच्या कडा खातात. संगणक दोन्ही बाजू वरूनच पाहिल्याप्रमाणें दाखवितो. त्यामुळें वरच्या बाजूची आकृति आरशांतल्यासारखी उलटी छापावी लागते आणि खालच्या बाजूची आहे तशीच. डोकें फिरविणारा हा हिशेब टाळण्याची एक युक्ति आहे. दोन्ही बाजूंवर एखादें अक्षर, तयार बोर्डावर सरळ वाचतां येईल असें, आंखून ठेवावें. छापल्यावर शाईच्या अंगानें पाहतां तें अक्षर दोन्ही फिल्मांवर उलटें दिसलें पाहिजे. एकावर जरी सरळ दिसलें तरी ती फिल्म रद्द.

खरी कसोटी यापुढची आहे. वरच्या पॅडखालीं खालचा पॅड नेमका यावा कसा? पॅडचा व्यास १.६ मिलिमीटर आणि त्यांतील छिद्र ०.८ मिलिमीटर धरलें, तर छिद्राभोवतीं तांब्याची कड उरते ०.४ मिलिमीटर. दोन आकृति एकमेकींपासून तेवढ्या सरकल्या, कीं वरून मधोमध पाडलेलें छिद्र खालच्या पॅडच्या कांठावर जाऊन टेंकतें; ड्रिलचें पातें किंचित् कललें तर तें पॅडबाहेरहि पडतें. त्या ठिकाणीं डाख धरत नाहीं, आणि धरलाच तर महिन्याभरानें सुटतो. जोड कधीं लागतो, कधीं तुटतो. दोष शोधतांना दिवसामागून दिवस जातात. म्हणून घरच्या कामांत पॅड दोन मिलिमीटरांचे घ्यावे, कंजूषपणा करूं नये.

सरकण्याचें पहिलें कारण प्रिंटरांतच दडलेलें असतें. लेसर प्रिंटर फिल्म तापवितो आणि ओढतो. तीत ती किंचित् ताणते वा आकसते, आणि लांबीच्या व रुंदीच्या दिशेनें सारख्या प्रमाणांत नव्हे. एक आकृति उभी आणि दुसरी आडवी छापली तर शंभर मिलिमीटरांत तीन दशांश मिलिमीटरांचा फरक सहज पडूं शकतो, म्हणजे ०.४ मिलिमीटरांच्या कडेपैकीं पाऊण भाग छापतांनाच संपला. दोन्ही आकृति एकाच फिल्मवर शेजारीं शेजारीं, एकाच दिशेनें छापाव्या. मग ताण पडला तरी दोघींवर सारखाच पडतो.

दुसरें कारण पाटीची जाडी. पुष्कळ जण दोन फिल्मा खुणेवर खूण ठेवून जुळवितात, एका कडेला चिकटपट्टी लावतात आणि त्या पाकिटांत पाटी सरकवितात. पाकीट रिकामें असतांना खुणा अगदीं बरोबर जुळलेल्या असतात, १.६ मिलिमीटरांची पाटी आंत जातांच फिल्मा कडेजवळ वांकतात आणि जुळणी बिघडते. यावर उपाय फुकटाचा आहे. त्याच जाडीच्या टाकाऊ पाटीचा काटकोनी तुकडा घ्यावा आणि एक फिल्म त्याच्या वरच्या अंगास, दुसरी खालच्या अंगास चिकटवावी. खुणा जुळवितांना पाकीट उजेडावर धरावें व डोळा अगदीं सरळ वर ठेवावा, कारण दोहोंमध्यें आतां जाडीचें अंतर असतें आणि तिरपी नजर फसविते. मग पाटी काटकोनांत अलगद बसते. पाकीट दोन कांचांमध्यें ठेवून चिमट्यांनीं आवळलें कीं छापण्याची तयारी झाली.

उजेडासाठीं सर्वांत स्वस्त दिवा सूर्य. खिडकीची साधी कांच त्याच्या अतिनील किरणांपैकीं कामाचा भाग बहुतांशीं आंत सोडते. शिवाय सूर्याचें बिंब आकाशांत अवघें अर्ध्या अंशाचें दिसत असल्यानें त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. शाई आणि तांबें यांत ०.१ मिलिमीटर फट राहिली तरी सावलीची कड एका मायक्रॉनहून कमी पुसट होते. चौकट सूर्यासमोर सरळ आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर कांचेवर एक पेन्सिल उभी धरावी आणि तिची सावली नाहींशी होईपर्यंत चौकट कलती करावी. सोलापूर सतरा-साडेसतरा अंशांच्या पुढें, अठराव्या अक्षांशाच्या अलीकडे वसलें असल्यामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मध्यान्हीं सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या दिवसांत गच्चीवर सपाट ठेवलेल्या चौकटीला कलाची गरजहि उरत नाहीं. वेळ दहा-पंधरा सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत कितीहि लागूं शकतो. अंदाजावर न विसंबतां एका लहान तुकड्यावर चांचणी घ्यावी: पुठ्ठ्यानें सारें झांकून दर पांच सेकंदांनीं एकेक पट्टी उघडी करीत जावी, आणि धुतल्यावर जी पट्टी स्वच्छ उतरेल तिचा वेळ कायम करावा. एक बाजू होईपर्यंत दुसरीखालीं काळा कागद असावा. दोन बाजूंमध्यें तांबें असल्यामुळें उजेड पाटीतून पलीकडे मात्र झिरपत नाहीं.

पण ऊन लहरी असतें. आषाढांत ढगामागून ढग येतात आणि कालचा वेळ आज लागू पडत नाहीं. त्यामुळें नियमानें काम करणारे जांभळट उजेडाच्या एल्. ई. डी. पट्ट्यांची पेटी करतात: दोन झांकणें समोरासमोर, मध्यें चौकट, दोन्ही बाजू एकाच वेळीं छापून होतात. येथें किरण चहूंकडून तिरपे येतात; शाई तांब्याला घट्ट टेंकविण्याचें महत्त्व म्हणून पेटींत दुणावतें. हे दिवे डोळ्यांना मंद भासतात, पण त्या मंदपणावर जाऊं नये. बाहुली आकुंचन पावत नाहीं आणि किरण मुक्तपणें आंत जातात. झांकण उघडतांच दिवे विझतील असें बटण पेटीला बसवावें, विशेषतः घरांत लहान मुलें असतील तर. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या अतिनील नळ्या या कामीं मुळींच वापरूं नयेत. त्यांचे किरण साध्या कांचेंतून जात नाहींत, आणि डोळे व कातडी दोहोंस भाजून काढतात.

छापल्यानंतर पाटी पावतास अंधारांत ठेवावी व मग वरचें दुसरें प्लास्टिक सोलावें. तें सोलावयास विसरणें हा अत्यंत सामान्य अपराध आहे. मग माणूस द्रावाला दोष देत बसतो. एक लिटर पाण्यांत दहा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत पाटी हलविली कीं उजेड न लागलेला पापुद्रा विरून जातो आणि खालचें तांबें चमकूं लागतें. ज्या रेषा उरतात त्याच पुढें वीज वाहणार.

कोरण्यासाठीं फेरिक क्लोराइडचा द्राव प्लास्टिकच्या उभ्या भांड्यांत घ्यावा. धातूचें भांडें तो खाऊन टाकतो. खडे पाण्यांत थोडेथोडे टाकावे, कारण द्राव तापतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर कोरणें जलद होतें, व सोलापुरांत एप्रिल-मे महिन्यांत भांडें उन्हांत ठेवलें तरी एवढी ऊब मिळते. दोन बाजूंची पाटी आडवी ठेवूं नये. वरच्या बाजूवर गाळ बसून ती मागें पडते, आणि ती पुरी होईपर्यंत खालच्या बाजूच्या रेषा कडेनें खंगतात. पाटी उभी टांगावी आणि माशांच्या टांकीच्या पंपानें बुडबुडे सोडावे. उरलेला पापुद्रा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावानें निघतो. तेथें हातमोजे व चष्मा यांवांचून जाऊं नये.

कारखान्यांत छिद्रांच्या भिंतींवर पॅलेडियमच्या साहाय्यानें आधीं तांब्याचा सूक्ष्म थर बसवितात आणि मग विजेनें तो जाड करतात. घरीं हा खटाटोप परवडत नाहीं. येथें छिद्रांतून बारीक तार ओंवावी, दोन्ही अंगांस डाख द्यावा व टोंकें कापावीं. याचा विचार आंखणीच्या वेळींच हवा. एखाद्या चिपच्या सॉकेटखालीं वरच्या बाजूस डाख देण्याची कांडी पोंचत नाहीं, तेव्हां त्या पायांना जाणारी रेषा खालच्या बाजूनेंच न्यावी. चिप बसविण्यापूर्वीं प्रत्येक तार मीटरनें तपासावी. एवढा धीर न धरल्यामुळें चांगल्या चिपा जळतात.

शेवटीं उरतो तो तपकिरी द्राव, आणि घरोघरच्या माहितींत याविषयींच बहुधा मौन असतें. शंभर गुणिले ऐंशी मिलिमीटरांच्या पाटीवर दोन्ही बाजू मिळून सुमारें पांच ग्रॅम तांबें असतें. त्यांतलें सत्तर टक्के कोरून काढलें तर साडेतीन ग्रॅम द्रावांत जातें, आणि तेवढ्यासाठीं निदान अठरा ग्रॅम फेरिक क्लोराइड खर्ची पडतें. रिकामी जमीन कोरून न काढतां तांब्याचीच राहूं दिली तर दोन्हींची बचत होते. सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागाईतदारांस मोरचूद बुरशी मारतें हें ठाऊक आहे. तेंच विरघळलेलें तांबें गटारांतून सीना-भीमेच्या पाण्यास मिळालें तर शेवाळ व मासे यांची गति निराळी होत नाहीं. म्हणून द्राव मोरींत ओतूं नये. तो पुन्हां पुन्हां वापरतां येतो. अगदींच निकामी झाला कीं बादलींत, मोकळ्या हवेंत, त्यांत लोखंडी खिळे टाकून दोन-तीन दिवस ठेवावा. लोखंड विरघळतें आणि तांबें लालसर गाळ होऊन खालीं बसतें. शाळेंत मोरचुदाच्या पाण्यांत खिळा बुडवून दाखवितात तोच हा प्रयोग. नंतर धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालावा. फेंस येतो, तो थांबेपर्यंत घालीत जावें. गाळ बसला कीं जाड कापडांतून गाळून वाळवावा, आणि नांव लिहिलेल्या बरणींत, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवून, घातक कचरा स्वीकारणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.